दोनची फेरी

शिकलगारांच्या जुबेरनं काचेवर सहा बॅटऱ्या मांडल्या
आणि एकेकीचा प्रताप सांगायला घेतला.
ही पार लक्ष्मी मार्केटच्या घड्याळापर्यंत जाते,
ही हौदात पडली तरी चालू,
हिच्या बुडाला लोहचुंबक, ट्रकवाले नेतात.
मी म्हटलं, बाळा,
मला लांबचं काही बघायचं नाही.

मग त्यानं बटण दाबलं. डोळ्यांपुढं पांढरा भडका.
दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा मध्यम,
तिसऱ्यांदा मंद,
चौथ्यांदा ती लुकलुकायला लागली.
हे संकटात सापडल्यावर, जुबेर म्हणाला.
म्हणजे मंद हवं तर आधी भडक सोसायचं
आणि विझवायचं तर संकटातून जायचं.
नको, म्हटलं.
असल्या स्वभावाची माणसं पुष्कळ झाली.

एकतीस वर्षं रात्रपाळी केली मिशनच्या दवाखान्यात.
बारा, दोन, चार.
बॅटरी ज्याची त्यानं आणायची. माझी दोन सेलांची,
पत्र्याची, पुढं सरकवायच्या खटक्याची.
उजेड कमी करायला हाताशिवाय काही नव्हतं.
काचेवर बोटं धरली की बोटांच्या कडा लाल व्हायच्या
आणि फटीतून सुटेल तेवढा उजेड
आधी खाटेच्या पायावर, मग चादरीवर.
चादर हलते का बघायचं. सलाईनचे थेंब मोजायचे.
चेहरा सगळ्यात शेवटी, तोही हनुवटीपर्यंत.
नव्या पोरींना मी सांगायची,
डोळ्यांवर उजेड डॉक्टरनं टाकायचा, बाहुल्या बघायला.
आपण नाही.

दहा नंबरला तासगावकडचे एक बेदाणेवाले होते, पाय काढलेले.
दोनच्या फेरीला ते झोपल्याचं सोंग घ्यायचे.
झोपलेल्या माणसाच्या पापण्या
इतक्या घट्ट नसतात, हे मला कळायचं.
बोलले नाही कधी.
चादरीच्या रिकाम्या बाजूला
उजेड जरा जास्त वेळ ठेवायची, एवढंच.
घरी जाताना म्हणाले, सिस्टर,
तुमच्यामुळं दोन वाजले ते समजायचं.

जुबेरनं खालच्या खणातून आणखी एक काढली.
काळी, आखूड, शेपटाशी फिरकी.
ही खपत नाही, म्हणाला, गिऱ्हाइकाला खटका लागतो.
साडेआठशे. तुम्हाला साडेसातशे.
रेडिओचा कान पिळतात तसा मी तिचा हळूच पिळला.
काही नाही. वाटलं, सेल उतरलेत.
अजून थोडा पिळला
आणि तळहातावर काहीतरी होतं,
दुधात पडलेल्या हळदीइतकं.
अंधार कुठं संपला ते सापडेना.
मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं.
फिरकीला खाचाच नाहीत,
थांबायचं कुठं ते आपलं आपण बघायचं.
जुबेर शटर अर्धं ओढून उभा, त्याला गंमत वाटत होती.
कुणासाठी, सिस्टर?
घरात लागते, म्हटलं.

घरात शांतवन असतो.
दोन वर्षांमागं त्याची छाती उघडून शिवली.
मी रिटायर झाले, पण दोनला जाग येते. चारला येते.
त्याला ठाऊक नाही. त्याची झोप गाढ.
आजही उठले. फरशी गार.
बोटांची सवय काचेवर जायची, ती मागं घेतली,
फिरकी फिरवली तिळाएवढी.
खाटेचा पाय. चादर.
चादर वर गेली, खाली आली,
मी उगीच वीसपर्यंत मोजलं.
चेहऱ्याकडं नेली नाही.
फिरकी उलटी फिरवत फिरवत परत आले,
विझली कधी ते मलाच कळलं नाही.

सकाळी चहा बशीत ओतताना तो म्हणाला,
बॅटरी बदललीस वाटतं.