पाणक्याची बहीण

इरुगारेच्या घाटात, अकराव्या वळणावर,
आमच्या मेंढवाड्याच्या भिंतीपासून
वरच्या दगडी क्रुसापर्यंत
अठराशे पावलं. माझी.
शर्यत दोन-तीन वर्षांनी एकदा इथून जाते.
आदल्या रात्री पोरं डांबरावर नावं रंगवतात,
सकाळी मेंढरं त्यावर लेंड्या टाकत वर जातात.
मी दारात बसते, मांडीवर वही,
मुठीत मानेशचं स्टॉपवॉच.

अठ्ठ्याऐंशी साली सगळ्यात पुढचा गेला
चार मिनिटं चाळीसमध्ये.
शहाण्णवला चार-पाच.
मग पोलीस आले, गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या,
आणि पुढची काही वर्षं
घाट पुन्हा उंच झाला.

मानेश त्या वहीत नाही.
तो कधी पुढे नव्हताच.
पाणक्या होता तो:
मागच्या मोटारीतून आठ-आठ बाटल्या घ्यायच्या,
अंगरख्यात खुपसायच्या,
आणि कुबड आलेल्या म्हाताऱ्यासारखं
चढत जाऊन दुसऱ्यांची तहान भागवायची.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात घरी आला तेव्हा
रात्री दोनचा गजर लावायचा.
गोठ्यात रोलरवर सायकल ठेवून
अर्धा तास पाय मारायचा, अंधारात.
आई म्हणाली, किती कष्टाळू पोर.
मीही तेच म्हणाले.
तेव्हा ठाऊक नव्हतं की झोपेत
नाडी मंदावू द्यायची नसते
ज्याचं रक्त दाट केलंय त्यानं.

मी चीज करते. मला हे कळायला हवं होतं.
मुरवण लागलं की दूध
आधी गप्प होतं.
घट्ट नंतर.

सहा फेब्रुवारीला गजर वाजला
आणि वाजतच राहिला.

डॉक्टरांनी लिहिलं, हृदय.
संघानं फुलांचं चक्र पाठवलं;
रिबिनीवर फर्निचर कंपनीचं नाव मोठं,
त्याचं लहान, आणि चुकलेलं.

स्वभावाला औषध नाही म्हणतात.
चढाला असतं.
कुणाला कोणती मात्रा लागू पडते
एवढाच प्रश्न.

आज टेल्मो नावाचा पोरगा गेला. बावीस वर्षांचा.
तोंड मिटलेलं.
या वळणावर मी गाढवालाही
तोंड मिटून चढताना पाहिलेलं नाही.
तीन मिनिटं बावन्न.
मी घड्याळ कानाशी धरलं, चालतंय ना म्हणून.

शेजारचा बातिता म्हणाला, चाकं नवी आहेत,
खाणं मोजून देतात आता, वाराही पाठीवर होता,
आणि डांबर बघ की.
डांबर खरंच नवं आहे.
पोरगा स्वच्छ असेलही.
देव करो, असो.
पण तो गेला तेव्हा सगळ्यांबरोबर
मीही उठून टाळ्या वाजवल्या,
हाताला आधी कळलं,
मला नंतर,
आणि या गोष्टीचा राग
कुणावर काढायचा ते सुचेना.

चौतीस मिनिटांनी शेवटचा आला.
झेंडे गुंडाळून झाले होते.
तोंड आ वासलेलं, हनुवटीवर लाळ सुकलेली,
पाठीवर रिकाम्या बाटल्यांचा कुबड.
मी रस्त्यात उतरले, त्याच्या बाजूनं चालू लागले.
खरंच, चालत गाठता येत होतं त्याला.

विचारलं, रात्री झोप लागते का रे?

आमची भाषा त्याला कुठून कळणार.
त्याला वाटलं, म्हातारी आठवण मागतेय.
हसला. एक बाटली काढून
माझ्या हातात दिली
आणि गेला वळणापलीकडे.

टोपण काढून हुंगली.
साखर, लिंबू.
नाकाला याहून जास्त कळत नाही.

घड्याळ दाबायचं राहून गेलं होतं.