अर्धं पेडल

दर गुरुवारी चार वाजता
मिसेस होलरॉइडच्या दारात मी बूट काढतो.
पेडल मोज्यातून नीट कळतं, असं सांगतो.
खरं कारण त्यांनाही ठाऊक असावं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा डावा हात
मासळी पाहावी तसा उलटसुलट करून पाहिला.
हा इतकी वर्षं काय करत होता, मिस्टर खांबेटे?
म्हटलं, भाता मारत होता.
सांगलीत, गाण्याच्या क्लासात, पेटीमागे बसून
उजव्याला श्वास पुरवत होता.
बिचारा, त्या म्हणाल्या. आता त्याला बोलू द्या.

पेटीचा सूर हवा असेतो जगतो.
पियानोचा जन्मल्या क्षणापासून विझू लागतो,
आणि हे फ्रेंच लोक
त्या विझण्यावरच सगळं बांधतात.
एवढं कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

तीस वर्षं मी या मोरकम गावाला चष्मे दिले.
आता बरं दिसतं, की मघाशी?
पेन्शनर, बसड्रायव्हर, कोळंबीवाले,
साऱ्यांच्या डोळ्यांपुढे काचा फिरवत राहिलो.
धूसरपणा ही तक्रार होती
आणि तिच्यावर माझं घर चाललं.
आता तासाला अठ्ठावीस पौंड मोजून
धूसर कसं करायचं, ते शिकतोय.

फार पुसलंत, त्या म्हणतात.
इतकं लख्ख कुणी मागितलं होतं?
पाय पुरता उचलू नका. अर्धाच.
मागचा सूर अजून दारात उभा आहे,
पुढच्याला त्याच्या अंगाला घासून आत येऊ द्या.

घरी माझ्याकडे एक रेकॉर्ड आहे.
ऑक्सफॅममध्ये दोन पौंडांना मिळाली:
ओदेत मार्शनुआर, पॅरिस, मोनो.
कव्हरवर बाईंचा फोटो नाही, नुसतं पाणी.
दुसऱ्या बाजूला, शेवटाकडे, एक ओरखडा आहे.
सुई तिथे किंचित अडखळते
आणि मग काही झालंच नाही अशी पुढे जाते.
गेल्या महिन्यात नेमका तिथे मी थांबलो.
वा, मिसेस होलरॉइड म्हणाल्या,
काय श्वास घेतलात! कुणाचं ऐकून?
मी मार्शनुआरबाईंचं नाव सांगितलं.

एकसष्ट साली मँचेस्टरला
रेडिओसाठी त्यांचंही ध्वनिमुद्रण झालं होतं.
अकरा मिनिटांचं.
टेप महाग होती तेव्हा;
वर्षाच्या आत तिच्यावर क्रिकेटची कॉमेंट्री चढली.
लँकाशायर हरलं, त्या म्हणतात,
निदान जिंकायचं तरी.

आता त्यांच्या बोटांची पेरं आल्याच्या कुड्यांसारखी.
काही दाखवायचं असलं
की त्या पियानोच्या झाकणावर वाजवतात.
लाकडावर नखं, टकटक, टक.
सूर मी माझ्या पदरचे घालतो.

खिडकीबाहेर खाडी ओसरलेली, मैलभर चिखल.
भरती इथे लाट होऊन येत नाही.
आधी वाळू चमकते,
मग कुठला तरी पक्षी एक पाय उचलतो,
मग कळतं, पाणी केव्हाच आलंय.
मिसेस होलरॉइड तिकडे बोट दाखवत नाहीत.
पडदा तेवढा थोडा सरकवतात.

त्यांची जुनी प्रत आता माझ्याकडे असते.
पेन्सिलीचे आकडे, पाच, दोन, एक,
चहाचा डाग, कुठल्याशा दुकानाचा फोन नंबर,
आणि एका जागी डाव्या हाताचा सगळ्यात खालचा सूर
गोल करून खोडलेला.
त्यांचा पंजा लहान. तिथवर कधी पोचलाच नाही.
माझा पोचतो.
घरी, दार लावून, मोजून पाहिलंय.

गुरुवारी मात्र ती जागा आली
की मी करंगळी हवेत धरून ठेवतो
आणि पाय अर्धा उचलतो.
त्या डोळे मिटून बसलेल्या असतात.
पुन्हा, म्हणतात.