कूलरचा टब

भंगारवाला चाळीस म्हणाला, मी साठ.
एवढ्यावरून राहून गेला टब
मानेवाड्याच्या आमच्या स्लॅबवर,
बूड गंजलेलं, कडेला खाऱ्या पाण्याचा पांढरा थर.

कोणीतरी त्यात माती टाकली.
कोणीतरी म्हणजे मीच;
कुंडी फुटली होती, ठेवणार कुठे?
डब्यातले किडके धणेही तिथेच झटकले.

अठराव्या दिवशी सांबार.

छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनींवर शिक्के मारले,
नखात माती गेली ती आत्ता.

मे लागला. सेहेचाळीस.
कुंदाची जुनी साडी ताणून बांधली टबावर,
न विचारता. ती बोलली, मग
स्वतःच चौथी गाठ मारून गेली.
पहाटे पाचला पाणी घालतो मी,
अलार्मशिवाय.
रात्री झोप येते, बाप्पा, दगडासारखी.

डॉक्टर खापेकर म्हणाले, शुगर उतरली, काय घेता?
म्हटलं, गांडुळं.
ते हसले नाहीत.

परवा भंगारवाला आला, साठ द्यायला तयार.
त्याला वर नेलं.
त्याने वाकून वास घेतला, बराच वेळ.
मग म्हणाला,
हुडकेश्वरले दोन टब पडले आहेत, भाऊ.
आणू काय?
चाळीस-चाळीस.