काकांना बोट लागायची

वाल्परायसोच्या आमच्या टेकडीवर त्या दिवशी दोन मयतं होती.
आमच्या घरात रिगोबेर्तो काका, शिंपी.
वरच्या आळीत कुणी म्हातारा खलाशी.

पेटीचं झाकण बंद होतं, म्हणून असेल,
तो सरळ आमच्याकडेच आला.
हातात पांढरी फुलं, चढणीनं धाप लागलेली.
एर्मिंदा मावशीचे दोन्ही हात धरून म्हणाला,
"एवढ्या वादळांतून वाचलेला माणूस, वहिनी,
आणि गेला तो असा, गादीवर."

काकांना बोट लागायची.
बंदरातल्या फेरीबोटीतसुद्धा
ते लिंबू हुंगत बसायचे.

ओस्वाल्दोमामाने घसा खाकरला.
मावशीचा काळा बूट त्याच्या पायावर पडला
आणि तिथेच राहिला.
"बसा ना," ती म्हणाली. "कॉफी घ्या.
मला कधी सांगितलंच नाही त्यांनी वादळांचं."

मग तो बोलत राहिला.
केप हॉर्नचा बर्फ, दोरखंडानं सोललेले तळवे,
सुकाणूपाशी रात्रभर म्हटलेली फालतू गाणी.
शेजारणी माना हलवत होत्या.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
मावशी मात्र खरंच ऐकत होती;
चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाला
उशिरा का होईना, समुद्र मिळत होता.

कप रिकामा झाल्यावर ती म्हणाली,
"वरच्या आळीतही एक दर्यावर्दी गेलेत.
तिथं माणसं कमी असतील.
एवढी फुलं आमच्यातर्फे पोचवाल?
हा पोरगा वाट दाखवेल."
आणि पेटीवरून उचलून
त्याचीच फुलं त्याच्या हातात दिली.

मी नऊ वर्षांचा. खोटं बोललं की
जिभेवर मीठ ठेवणारी आई होती मला.
त्रेसष्टाव्या पायरीशी तो थांबला.
खाली दोऱ्यांवर कपडे वाळत होते, त्यांच्यामागे बंदर.
"तुझे काका," त्यानं विचारलं, माझ्याकडे न बघता,
"कुठल्या बोटीवर होते?"

मी खाली पाहिलं.
दिसली ती पहिली बोट दाखवली,
गंजलेली, कोळशाची.

"हं," तो म्हणाला. "चांगली बोट."
टोपी काढली, थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला,
मग माझा हात धरून
उरलेल्या पायऱ्या चढला.