चव्वेचाळीस खुर्च्या

सेगेदला, तिसा नदीच्या काठी,
व्हिल्मोश सरांना पुरून आल्यावरच्या जेवणासाठी
मी खुर्च्या मोजल्या. चव्वेचाळीस.
हसू आलं. अशा दिवशी येऊ नये, तरी आलं.

मी बारा वर्षांची असताना ते म्हणाले होते,
सहा माणसं बोलाव, कुठलीही.
त्यांत तिघं तरी एकमेकांच्या ओळखीची निघतील,
नाहीतर तिघं एकमेकांना पुरती परकी.
मी घरी सहा बटणं मांडली,
लाल-निळा दोरा ताणत बसले रात्रभर.
सुटका नव्हती.

मग सरांनी तिघांऐवजी पाच म्हणून पाहिलं,
आणि त्या पाचात त्यांचं आयुष्य गेलं.

बेचाळीस जणांना निसटता येतं, हे जुनं.
शेहेचाळिसांना नाही, हे अलीकडचं;
दूर कुठं कुणी यंत्रं राबवून काढलं.
इस्पितळात मी त्यांना ते वाचून दाखवलं.
"अठ्ठेचाळीसवर अडलं होतं ना?
दोन पाहुणे कमी झाले," ते म्हणाले,
"तेवढी भांडी वाचली."
मधले तिघे अजून उंबऱ्यावरच :
त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस.

चव्वेचाळीस माणसांत नऊशे शेहेचाळीस रेघा,
प्रत्येक रेघ लाल किंवा निळी.
किती तऱ्हांनी रंगवाल? ती संख्या नुसती लिहायची
तर दोनशे पंच्याऐंशी आकडे.
यंत्राला कंटाळा येत नाही, सर म्हणत,
तीच त्याची अडचण.
माणूस कंटाळतो, आणि दुसरी वाट शोधायला लागतो.

त्यांच्या कोटात एक पेन्सिल निघाली,
एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी,
दोन्हीकडून तासून
पेरभर उरलेली.

आजची पंगत तशी सोपी.
माकोहून आलेले पाच चुलतभाऊ
एकमेकांच्या कर्जांसकट एकमेकांना ओळखतात.
झालं, लाल पाच सापडले.
पण सरांचा प्रश्न या पंगतीचा नव्हताच.
त्यांना हवी होती कधीच न भरलेली एक पंगत,
जिच्यातले कुठलेही पाच
ना सगळे आपले, ना सगळे परके.
किंवा अशी पंगत भरूच शकत नाही
याची खात्री.

माशांचं सूप वाढायला घेतलं आणि दार वाजलं.
करड्या टोपीतली बाई.
नाव गिझेल्ला, एवढंच सांगितलं.
कुणीच ओळखत नव्हतं.
चव्वेचाळीस नव्या रेघा, सगळ्या निळ्या,
मी मनात ओढून टाकल्या.
सरांपासून तिच्यापर्यंत एक लाल असणार,
पण सर आता मोजणीत धरता येत नाहीत.

स्वयंपाकघरातलं तिपाई स्टूल आणलं.
ती बसली, चमचाभर चाखून
माझ्याकडे वळली :
"मीठ आहे?"

मी मीठ सरकवलं.
खिशात ती पेन्सिल चाचपली.
कुठलं टोक बोटाला लागलंय
ते बघितलं नाही.