पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण

अंबडच्या आमच्या कारखान्यात, लाईन तीनच्या डोक्यावर
एक पांढरा फळा आहे.
डावीकडे नावं, वरती मशिनी,
आणि नाव जिथे मशिनीला भेटतं तिथे एक गोल.
पाव भरला : नुसतं पाहिलंय.
अर्धा : कुणी शेजारी उभं असेल तर करतो.
पाऊण : एकटा करतो.
पूर्ण : दुसऱ्याला शिकवतो.
गोल मी भरते. काळा मार्कर माझ्या खिशात असतो,
त्याचं टोपण चावून चावून चपटं झालंय.

पुंजाराम गांगुर्डे. नऊ गोल,
नवाच्या नऊ काळेभोर.
ग्राइंडिंगचं दुखणं कानानं ओळखायचे.
"मॅडम, चाक रडतंय," म्हणायचे,
आणि दहा मिनिटांत जॉब खरंच बाद निघायचा.

मार्चमध्ये गेटवरची युनियनची पाटी बदलली.
झेंडा उतरवला, काठी तीच ठेवली.
गांगुर्डे त्या सकाळी काठीच्या चुकीच्या बाजूला उभे होते,
हातात चहाचा कागदी कप,
बोलत काहीच नव्हते.
पण आमच्याकडे उभं राहणंही मोजतात.
सोमवारी त्यांची स्टोअर्सला बदली.
पत्रात कारण : बहुकौशल्य विकास.
तो शब्द मीच टाइप केला,
ऱ्हस्वदीर्घ तपासून.

मग पाथर्डी फाट्याच्या संपर्क कार्यालयातून चिठ्ठी :
'पीयूष बोराडे. आपला मुलगा आहे. सामावून घ्यावे.'
'आपला'खाली दोन रेघा.
साहेब म्हणाले, गुरुवारी ऑडिट आहे,
त्याचा गोल पाऊण दाखवा.
आपल्या नव्या शेडची फाईल त्यांच्याकडेच अडकलीय,
नळजोडणीचीही.
मी मार्कर काढला.
पाऊण गोल भरायला चार सेकंद लागतात.
गांगुर्ड्यांना पूर्ण व्हायला अकरा वर्षं लागली होती.

इथे मला चिडायला हवं.
चिडलेही असते,
पण दोन हजार नऊ साली आयटीआय सिग्नलजवळ
माझ्या मामानं स्कूटर कडेला घेतली होती
आणि एका सफारीवाल्याशी तो बोलला होता.
मी मागच्या सीटवर, मांडीवर प्रमाणपत्रांची फाईल.
ट्रक जात होता, काही ऐकू आलं नाही.
आठवड्यात मुलाखतीला बोलावणं.
तिथे पहिलाच प्रश्न : मामा कसे आहेत?
मी म्हटलं, बरे आहेत.
उत्तर बरोबर होतं.

पीयूष आला शुक्रवारी, पहिली पाळी सुटताना.
कानामागे घाम, नव्या बुटांना अजून ऑइल लागलेलं नाही.
"मॅडम, तो गोल पुसता येईल का?
मला चाक चढवताही येत नाही.
पोरं आधी फळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे."
पुसता येत नव्हता. ऑडिटच्या फोटोत तो गोल गेला होता,
फोटो पुण्याला गेला होता.
मी त्याला स्टोअर्सचा रस्ता दाखवला,
आणि कुणी विचारलं तर
हातमोजे आणायला आलोय म्हण, एवढं सांगितलं.

आता रोज साडेतीननंतर वीस मिनिटं
बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यावर
गांगुर्डे खडूनं चाक काढतात.
पोरगा वाकून बघतो.
मध्येच ते बोट ओठावर ठेवतात :
भिंतीपलीकडे लाईन तीन चालू असते,
दोघं तिच्याकडे कान लावतात.
ओव्हरटाईम नाही, नोंद नाही.
कॅन्टीनमध्ये म्हणतात, पोरगं कुठल्या बाजूचं आहे नक्की?
महापालिकेची निवडणूक जवळ आलीय म्हणे.
काठी परत कामाला येईल.

काल मी हातमोज्यांचा हिशेब घ्यायला गेले.
गांगुर्ड्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं,
अक्षर वळणदार, खाडाखोड नाही.
म्हणाले, "मॅडम, स्टोअर्सला फळा नसतो का?"
म्हटलं, नसतो.
"बरंय," म्हणाले,
आणि खोक्यावरचा खडू
बाहीनं पुसून टाकला.