अठरावा खांब

हौदात पाणी नाही.
नदीने पाठ फिरवली त्याला हे चौथं वर्ष.
तळाच्या निळ्या फरशा विटल्यात
आणि पहारेकरी यदुल्लाने त्यांच्यावर
जुनी चादर अंथरून
जर्दाळू वाळत घातलेत.

उस्ताद फरामर्ज जोडे काढून तालारात चढतात.
एकेक खांब बोटाच्या पेराने ठोकतात, कान लावतात,
बाजारात कलिंगड निवडावं तसे.
मी वहीत लिहीत जाते:
पहिला. चिनार. शाबूत.
दुसरा. चिनार. बुंध्याशी वाळवी.
वर छतात आरशांच्या तुकड्यांत
आमची शंभर डोकी,
एकही पुरं नाही.

अठराव्यापाशी ते थांबले.
पुन्हा ठोकलं. हसले.
शिडी लावून मी वर गेले:
खांबाचा माथा आणि तुळई यांच्यात
दोन बोटांची फट,
रंगवलेल्या फळीने झाकलेली.
आत काड्या, पिसं, अंड्याचं कवच.

म्हणजे बांधल्या दिवसापासून
हा काहीच पेलत नाहीये.

"छताला सतरा पुरे होते," उस्ताद खालून म्हणाले,
"पाण्याला पुरेनात.
पलीकडच्या काठावर, सरूंच्या रांगेतून आलेला पाहुणा
आधी वर बघत नाही, हौदात बघतो.
तिथे ही ओळ
दात पडलेल्या तोंडासारखी दिसली असती."

कुणी सांगितलं तुम्हाला?

"कुणी नाही.
मी सुतार आहे. मीही हेच केलं असतं."

ऊन मी म्हणत होतं.
कचेरीच्या तक्त्यात एक रकाना आहे: भार.
तिथे 'नाही' लिहिलं
की खांब 'शोभेचा' ठरतो,
आणि शोभेच्या वस्तूंना यंदा निधी नाही.
उस्ताद पायरीवर बसून
खडीसाखर दाताखाली धरून चहा पीत होते,
माझ्याकडे मुद्दाम न बघता.

मी लिहिलं: आहे.
शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

तेवढ्यात वारा उठला, वाळवंटाकडचा, धुळीचा.
यदुल्ला ओरडला, उचला, उचला!
आम्ही तिघं हौदात उतरलो,
चार हात खोल,
जिथे एके काळी हा महाल
डोकं खाली करून उभा असायचा.
चादरीची टोकं धरली.
जर्दाळू गडगडत मधोमध गोळा झाले.

वर पाहिलं तर
धुळीत तालार हलत होता,
पाण्यात हलावा तसा.
मी खालूनच मोजले.
सतरापाशी धूळ डोळ्यांत गेली,
पुन्हा पहिल्यापासून मोजले.

उस्तादांनी एक जर्दाळू तोंडात टाकला.
"अजून दोन दिवस लागतील," म्हणाले.
जर्दाळूंना की खांबाला,
ते विचारायचं राहिलं.